तुळजक्कांची भांडी आणि सरकारी मान्यता

तुळजक्का भांड्याला टिचकी मारायच्या, कान लावायच्या आणि सांगायच्या, "ही आनेकलच्या पद्मक्काची घागर. स्वल्प तापट बाई होती." तापटपणा घागरीत कसा ऐकू येतो, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

नव्वदच्या दशकात पुण्याहून बेंगळुरूला नोकरीला आलो, तेव्हा इथल्या शिवाजीनगरात मी त्यांचा शेजारी. त्यांचं घराणं मात्र इथं तीनशे वर्षांपासूनचं. घरात त्या एकट्या. पुढच्या दोन खोल्यांत लोकांनी दिलेली जुनी तांब्यापितळेची भांडी मांडलेली, आणि दारावर हाताने रंगवलेली पाटी : 'संग्रहालय. आत या. हात लावा.'

छप्पर गळायला लागलं. संग्रहालयाला सरकारी मान्यता मिळाली, तरच अनुदान मिळणार होतं. अर्ज मीच टाईप केला. तपासणीला एक साहेब आले, बुटांसकट आत शिरले.

"वस्तूंची नोंदवही कुठाय?"

"लिहून घ्या की," म्हणत अक्का टिचक्या मारायला लागल्या. साहेब हसले. अक्कांना पाठ करून उभं केलं आणि एका तपेल्यावर स्वतःच टिचकी मारली.

"देवनहळ्ळीच्या सुब्बण्णांचं. बुडाला ठिगळ आहे."

साहेबांनी तपेलं उलटं केलं. ठिगळ होतं. त्यांनी बाहेर जाऊन बूट काढले, भिंतीला टेकून मांडी घातली आणि अक्का सांगतील ते लिहीत गेले. चहा गार झाला, जेवणाची वेळ टळली, तरी माणूस उठेना. मीही ऑफिस विसरलो होतो.

शेवटी साहेब अवघडून म्हणाले, "एकच अट राहिली. वस्तू कुलपात हव्यात. बाहेर द्यायच्या नाहीत."

"आणि लग्नकार्याला?" अक्कांनी विचारलं. ज्यांनी भांडी दिली, त्यांच्या घरी कार्य निघालं की अक्का ती वापरायला द्यायच्या.

"नाही देता येणार, अक्का. तेवढं लिहून द्या, बाकी मी बघतो."

"सरी, ठीक आहे. मग मान्यता राहू द्या."

साहेब गेल्यावर मी चिडलो. "छप्पर डोक्यावर येईल! लोक भाड्याची भांडी आणतील की!"

"आणतील." अक्का परात पुसत होत्या. "पण माझी न्यायला एकदा येतात, परत द्यायला एकदा. बसतात, बोलतात. कुलूप लावल्यावर माझ्याकडे कोण येणार रे?"

मला खरं तर उशीर झाला होता. मी खाली बसलो आणि म्हटलं, "अक्का, कॉफी टाकता?"