फोटोची काच

इंजिनिअरने भिंतीतल्या भेगेवर प्लास्टरने काचेची पट्टी चिकटवली, तिच्यावर तारीख घालून सही केली आणि सांगितलं, "पंधरा दिवसांनी येतो. पट्टी तडकली तर भिंत सरकतेय, खोल्या रिकाम्या करायच्या. शाबूत राहिली तर नुसती डागडुजी."

"तडकणार नाही," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

"तडकेल की!" मागून घरमालक म्हणाले. ते वरच्याच मजल्यावर राहत. खालच्या खोल्या मोकळ्या करून घ्यायचा त्यांना दोन वर्षं ध्यास लागला होता. नव्या बांधकामात जागा देतो, असं तोंडाने रोज म्हणत. कागद पुढे केला की त्यांचा चष्मा हरवत असे.

बाईंचे वडील या खोल्यांत बेचाळीस वर्षं राहिले आणि तीन महिन्यांपूर्वी इथेच गेले. लेखी हमी मिळाल्याशिवाय हलायचं नाही, हे बाईंनी पक्कं ठरवलं होतं.

मालक रोज सकाळी काचेची चौकशी करायला येत आणि भिंतीला खांदा लावून उभे राहत.

"काका, भिंत सोडा."

"अगं, वय झालं. टेकलो जरा."

"खुर्चीला टेका."

एवढा पहारा असताना पट्टी फोडली ती खुद्द बाईंनीच.

आईचा धोशा चालू होता, "तुझे बाबा अजून जमिनीवर कपाटाला टेकून बसलेत. फोटो लाव ना." बाईंनी भेगेपासून चांगला दोन हात लांब खिळा धरला. तिसऱ्या घावाला टक् आवाज आला. खिळा जागेवर, फोटो आईच्या हातात आणि पट्टीचे दोन तुकडे.

"वर कळलं असेल का गं?" आईने छताकडे पाहिलं.

बाईंनी फोटो उलटा करून मागचे खिळे उपसायला घेतले.

"अगं, त्यांची काच काढतेस?"

"बाबांना हे घर सोडायचं नव्हतं ना? मग लागू दे त्यांचाही हातभार."

काचवाल्याने मापाची पट्टी कापून दिली. बाईंनी प्लास्टर कालवलं, तारीख घातली. सहीच्या सरावात वहीची सहा पानं गेली, पण जमली. दुसऱ्या दिवशी मालक काचेला नाक लावून बघून गेले आणि हिरमुसले.

चौदाव्या दिवशी मायलेकी चहा पीत होत्या. हातोडी कपाटात, दार बंद, भिंतीजवळ कुणी नाही. तरी टक् झालं. पट्टी मधोमध तडकली होती.

आईने काचेचा उरलेला तुकडा आणून पुढे धरला. "अजून एक निघेल."

बाईंनी भेगेत नख घातलं. परवापर्यंत जात नव्हतं.

"नको, आई. बांधाबांध करू."

संध्याकाळी तडा पाहून शीळ घालत गेलेले मालक दुसऱ्या दिवशी, इंजिनिअर यायच्या तासभर आधी, धापा टाकत खाली आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची पट्टी त्यांनी बाहेर काढली. "पोरी, ही चिकटव पटकन! वरचा मजलाही रिकामा करायला लावतात म्हणे. मी कुठे जाऊ?"

बाईंनी पट्टी निरखली. तारीख होती, सहीसुद्धा होती. "सही माझ्याहून वाईट आलीय, काका." त्यांनी ती पर्समध्ये टाकली. "ही इंजिनिअरला दाखवू, की तुमचा चष्मा सापडतोय?"

चष्मा खिशातच सापडला. नव्या इमारतीत हीच जागा, असं मालकांनी लिहून दिलं. साक्षीदार म्हणून आईने सही केली.

इंजिनिअर भेगेजवळ वाकला, चष्मा पुसून पुन्हा वाकला. "ही काच मी लावलेली नाही."

"नाही," बाई म्हणाल्या. बिनकाचेचा फोटो त्यांच्या काखेत होता. "तुमची माझ्या हातून फुटली. ही माझ्या वडिलांची. हिचं ऐका."