मणका खोटं बोलत नाही!

“दात झाका, हनुवटी झाका! मला फक्त मानेचे तीन मणके दाखवा. पोराची वाढ किती उरलीय, ते छातीठोक सांगतो!”

स्पेनमधल्या सेव्हिलचे दंतवैद्य डॉक्टर लेआन्द्रो बर्रेरा हे वाक्य वेड्यावाकड्या दातांच्या पोरांपुढे म्हणत, त्यांच्या आयांपुढे म्हणत आणि कुणीच नसलं तर आरशापुढे म्हणत. त्या ऑक्टोबरात ते मेल्चोरपुढे म्हणाले आणि फसले.

मेल्चोर आळीतल्या पोरांचा मुकादम. मे महिन्यात आठ पोरं फुलांनी मढवलेला क्रूस मिरवत नेत. क्रुसाचा जड चौथरा खांद्यावर नाही, मानेच्या मणक्यावर पेलायचा, म्हणून आठही माना एका उंचीच्या लागत. मेल्चोर ऑक्टोबरात पट्टी लावून पोरं निवडायचा, आणि मेपर्यंत एखादं बेटं हमखास वाढून बसायचं! गेल्या वर्षी क्रूस असा कलला, की फुलदाणी थेट बँडवाल्याच्या कर्ण्यात!

“यंदा नाही कलणार,” डॉक्टर म्हणाले. “आळीतल्या सगळ्या पोरांच्या दातांना तारा मीच लावल्यात. एक्स-रे माझ्या कपाटात आहेत. पट्टीत बसणाऱ्यांतली, वाढ संपलेली आठ पोरं काढून देतो.”

पक्षपात नको म्हणून त्यांनी प्रत्येक एक्स-रेवर पुठ्ठा ठेवला. दिसायची ती फक्त मान. मणक्याची खालची कड सपाट, तर पोर अजून वाढायचं. तिला खळगा पडला आणि मणका उभट झाला, की वाढ संपली. आठवा एक्स-रे पाहून तर डॉक्टर हरखलेच. “वा! काय पिकलेला मणका आहे!” कडेला नाव होतं, लेआन्द्रो बर्रेरा. त्यांचाच मुलगा! थोरल्या मुलाला बापाचंच नाव ठेवायची रीत त्या घरात चार पिढ्यांची.

“अहो डॉक्टर, चौदाचं पोर ते! अजून मिसरूड फुटलं नाही त्याला!” मेल्चोर म्हणाला.

“मिशी खोटं बोलेल. मणका खोटं बोलत नाही!”

धाकट्या लेआन्द्रोला आभाळ ठेंगणं झालं. चौथऱ्याच्या पुढच्या तुळईखालची डावी जागा! तिच्यासाठी तो सहा वर्षं झुरत होता. त्या ऑक्टोबरात बापलेक अगदी एका उंचीचे होते. डॉक्टर मुळातच बेताचे.

नाताळात पोराच्या विजारी घोट्याच्या वर गेल्या. “अरे, हा वाढतोय!” डॉक्टरांची बायको रेयेस म्हणाली.

“कापड आटलं असेल. तू पाणी फार गरम घेतेस.”

फेब्रुवारीतल्या सरावात चौथरा पुढे डावीकडून वर उचलला गेला. डॉक्टरांनी जमीन तपासली, तुळई तपासली आणि जाहीर केलं, “बाकीची सात पोरं पोक काढतायत!” सातही जणांच्या चपलांत बुचाचे तळवे बसले. मार्चमध्ये आणखी एक थर, एप्रिलमध्ये तिसरा! उरलेला फरक धाकटा गुपचूप गुडघे वाकवून भरून काढायचा आणि घरी येऊन मांड्या चोळत बसायचा. जागा जाण्यापेक्षा गुडघे गेलेले बरे!

मेमध्ये सगळी आळी लोटली. क्रूस ज्या गॅरेजात सजवत, त्याच्या दाराची चौकट आणि क्रूस यांत दरवर्षी दोन बोटांचं अंतर राहायचं. मेल्चोरने उचलायच्या इशाऱ्याची ठोकणी वाजवली, पोरांनी उचललं, आणि खाट्! क्रूस चौकटीत अडकला. बँड थांबला.

“बुचं काढा!” मेल्चोर ओरडला.

बुचं निघाली, सात पोरं चार बोटं खाली आली आणि सगळा भार आठव्याच्या मानेवर!

“आई गं!”

चौथरा घाईघाईने खाली टेकवला. रेयेसने चौथऱ्याभोवतीचा पडदा वर केला. “बाहेर ये आधी. आणि सरळ उभा राहा!”

पोर सरळ उभं राहिलं. बापाची टाळू त्याच्या कपाळापर्यंतच पोचत होती.

“अशक्य!” डॉक्टर धावत दवाखान्यात गेले, धावत परत आले, एक्स-रे उन्हात धरला आणि वर पुठ्ठाही लावला. “बघा! हा मणका आता तसूभरही वाढणार नाही!”

रेयेसने पुठ्ठा ओढला. दोन दाढांवरच्या सोन्याच्या टोप्या पांढऱ्याफेक चमकत होत्या.

“अरे, हा तर तुझा एक्स-रे! घोरतोस म्हणून मीच काढायला लावला होता!”

सगळी आळी खो खो हसली. डॉक्टरांनी एकदा एक्स-रेकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. “वाचन बरोबर होतं,” ते म्हणाले. “माणूस चुकला.”

“आपल्याला काय, माणूस हाच हवाय!” मेल्चोरने पट्टी काढली. “ऑक्टोबरातली उंची, वाढ संपलेली, तीही पुराव्यानिशी! या डॉक्टर, एक जागा रिकामी आहे.”

धाकट्याचे डोळे भरून आले. सहा वर्षं वाट पाहिलेली जागा, आणि ती गेली बापाला! मेल्चोरने ते पाहिलं आणि ठोकणी त्याच्या हातात दिली. “हुकूम सोडणाराही उंच लागतो रे. वाजव!”

पोराने नाक पुसलं आणि ठणकावून ठोकणी वाजवली. “उचला! आणि बाबा, गुडघे वाकवायचे नाहीत!”

क्रूस दोन बोटांचं अंतर राखून, जराही न कलता बाहेर पडला. आळीने टाळ्यांचा कडकडाट केला. पडद्याआडून मात्र पहिल्या कोपऱ्यापर्यंत आवाज येत होता, “मणका... आई गं... खोटं बोलत नाही!”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या मानेचा एक्स-रे पुन्हा काढावा लागला. या खेपेला पाकिटावर रेयेसने स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘लेआन्द्रो बर्रेरा, थोरला. वाढ संपलेली, अक्कल यायची बाकी.’