एका टीमचे दोन कॅप्टन

हॉकीची टीम बांधणं मला कधीच अवघड वाटलं नाही. निम्मी मुरलेली माणसं, निम्मी तरणी पोरं आणि डोकं ठिकाणावर असलेला एक मॅनेजर, एवढं पुरतं! मॅनेजर मीच होतो. म्हणजे अर्धं काम झालेलंच होतं.

सौदी अरेबियात, ताइफला आमच्या कंपनीच्या कॅम्पाची टीम होती. लीग दुय्यम, पण भांडणं अव्वल. १९९१चा जानेवारी. रियाधवर क्षेपणास्त्रं पडायला लागली आणि आमचे खेळाडू एकेक करून कफीलकडून, म्हणजे तिथल्या मालकाकडून, पासपोर्ट सोडवून घरी निघाले. उरलेल्यांत दोन तट. एका बाजूला दापोलीचे मुस्तफाभाई आणि गोलकीपर अशोक. मुस्तफाभाई पन्नाशीपुढचे, धावायचे कमी, सूचना जास्त. अशोक उभा राहिला की निम्मा गोल आपोआप बुजायचा. दुसऱ्या बाजूला मुस्तफाभाईंचाच मुलगा फहाद आणि त्याचा दोस्त नबील. दोघं उधळलेल्या खोंडासारखे पळायचे. चेंडू मागे राहिलाय, हे त्यांना पलीकडच्या कुंपणापाशी कळायचं.

जिझानच्या टीमविरुद्धचा सामना हरलो तर लीगमधून बाहेर. मग टीम खलास!

मुस्तफाभाई आदल्या दिवशी घरी आले. "श्रीपादभाऊ, पोरांच्या हातात टीम दिलीत तर मी स्टिक खाली ठेवली."

"छे हो! कॅप्टन तुम्हीच."

ते गेले आणि फहाद नबीलला घेऊन आला. "अंकल, अब्बा पास ही नहीं देते! नबील कप्तान नहीं, तो हम नहीं."

"अरे, नबीलच कॅप्टन!"

आत चहा गाळत असलेली माझी बायको अलका म्हणाली, "दोघांनाही हो म्हणालात?"

"याला समतोल म्हणतात," मी सांगितलं.

नाणेफेकीला आमचे दोन कॅप्टन गेले. अंपायर म्हणाला, "एक!" दोघांनी एकदमच 'छापा' म्हटलं. काटा पडला.

पहिल्या हाफमध्ये आमच्या टीमने प्रेक्षणीय खेळ केला. मुस्तफाभाई चेंडू फक्त म्हाताऱ्यांना देत आणि म्हातारे तो परत मुस्तफाभाईंना. पोरं पुढे मोकळी उभी राहून ओरडत होती, "अब्बा! इधर!" अब्बांना त्या दिवशी पोरांच्या बाजूच्या कानाने ऐकू येत नव्हतं. पोरांना चेंडू मिळाला की तीही आपसांतच खेळत. जिझानने शांतपणे दोन गोल केले.

दुसरा हाफ सुरू झाला आणि भोंगा वाजला! हवाई हल्ल्याचा!

सगळे कोठीघराकडे पळाले. सर्वांत आधी मुस्तफाभाई पोचले. तो वेग मी त्यांच्यात त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. गॅसचे मास्क तेव्हा प्रत्येकाच्या गळ्यातच असायचे. ते चढवून आम्ही सिमेंटच्या गोण्यांवर बसलो. भोंगा थांबला, पण धोका टळल्याचा वाजेना. जिझानवाल्यांना डोंगर उतरून लांब जायचं होतं. त्यांचा कॅप्टन मास्कमधून घुमला, "यल्ला, चला! मास्क घालूनच खेळू!"

आणि खेळलो! ताइफची थंडी म्हणून आमच्या सगळ्यांच्या अंगात कंपनीची जाडजूड जाकिटं होती. वर मास्कचं डुकरासारखं मुस्काट. बाप कोण, लेक कोण, काही कळेना! अंपायरलाही मास्क असल्याने शिट्टी वाजवता येईना, तो नुसताच टॉवेल हलवत होता आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.

मग मी जे पाहिलं ते सांगतो. चेंडू जो दिसेल त्याला दिला जाऊ लागला. एकाने मागून मोजून मापून पास काढला, दुसरा तो घेऊन सुसाट सुटला. गोल! पुन्हा तसंच. गोल! शेवटी पुढच्याने थांबून, चक्क थांबून, चेंडू मागे दिला आणि मागच्याने तो शांतपणे जाळ्यात ढकलला. तीन-दोन!

दोघं एकमेकांना कडकडून भेटले. मास्कवर मास्क आपटले. तेवढ्यात धोका टळल्याचा भोंगा वाजला आणि सगळ्यांनी ते काढले.

मुस्तफाभाई आणि फहाद!

"तू होतास?" मुस्तफाभाई म्हणाले. "मला वाटलं, आमच्यातला कुणीतरी!"

"मैं समझा नबील है!"

 मग मुस्तफाभाईंनी मुलाच्या जाकिटावरची धूळ झटकली, जरा जास्तच वेळ. "पास बरा दिलास."

"अब्बा, आप भागते भी हैं?"

 पुढे होऊन मी म्हणालो, "बघितलंत? अनुभव आणि तरुण रक्त! हाच माझा समतोल!"

"त्यावरनं आठवलं," मुस्तफाभाई म्हणाले. "श्रीपादभाऊ, कॅप्टन मला केलं होतंत ना?"

"मुझे किया था!" नबील म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मास्क पुन्हा चढवला, पण उशीर झाला होता.

संध्याकाळी टीमची बैठक झाली. म्हातारे आणि पोरं पहिल्यांदाच एका रांगेत बसले. मला मॅनेजरपदावरून काढायचा ठराव मुस्तफाभाईंनी मांडला, अनुमोदन नबीलने दिलं, आणि विरोधात एकही हात वर झाला नाही. माझासुद्धा नाही, मॅनेजरला मत नसतं, असं मीच पूर्वी ठरवलं होतं.

तेव्हापासून मध्यंतरात खेळाडूंसाठी संत्री सोलायचं काम माझं. दोन्ही तटांना सारख्या फोडी देतो.