काकवीला काकवी म्हणणारी अस्वलीण

एका जंगलात दर मंगळवारी बाजार भरायचा. बाळांनो, जंगल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे एकमेकांना खाणारे प्राणी येतात. पण हे जंगल सुधारलेलं होतं. इथले प्राणी एकमेकांना खात नसत, माल विकत.

या बाजारात भिवराबाई नावाची अस्वलीण मध विकायची. नवरा होता तेव्हा तो झाडावर चढायचा आणि ती गिऱ्हाईक सांभाळायची. तो गेल्यावर दोन्ही कामं तिच्याकडे आली. माश्या चावून तिचं नाक सदा सुजलेलं असे.

बाजाराचं एक व्यापारी मंडळ होतं. त्याचे अध्यक्ष रंगनाथशेट कोल्हे. त्यांचंही मधाचंच दुकान होतं, वडाच्या गार सावलीत. ‘ग्राहक हाच राजा’ अशी पाटी त्यांनी मंडळातर्फे लावली होती. सिंहमहाराजांना ती आवडली नाही, तेव्हा शेटांनी ती बदलून ‘ग्राहक हाही राजा’ अशी केली. असे ते समजूतदार होते.

एका वर्षी रानात फुलंच आली नाहीत. माश्या दुसऱ्या जंगलात निघून गेल्या. भिवराबाईच्या दुकानातला मध संपला. घरी मुलीच्या दुखण्याखुपण्यासाठी म्हणून ठेवलेली एक बरणी तेवढी उरली. रंगनाथशेटांच्या दुकानात मात्र मधाचे चौदा रांजण काठोकाठ भरलेले होते.

ती उसाची काकवी आहे, हे सगळ्या व्यापाऱ्यांना ठाऊक होतं. गिऱ्हाइकांना तेवढं ठाऊक नव्हतं.

भिवराबाईचं दुकान तीन आठवडे रिकामं राहिलं. तेव्हा रंगनाथशेट स्वतः तिच्याकडे आले. वहिनी, मध ही श्रद्धेची गोष्ट आहे, असं त्यांनी समजावलं. त्यात माशीचा हात असलाच पाहिजे हा हट्ट बरा नव्हे. मग मोठ्या मनाने त्यांनी काकवीचा एक रांजण तिच्या दारात पोचवला.

भिवराबाईला तो परत पाठवावासा वाटला. पण मुलगी उपाशी होती. पुढच्या मंगळवारी ती रांजण उघडून दुकानात बसली.

पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे कमळी हरणी. तिचं पाडस खोकून खोकून निपचित पडलं होतं. घुबडवैद्यांनी औषध अस्सल मधातून द्यायला सांगितलं होतं. शेटच्या दुकानातला मध चार दिवस देऊन झाला, खोकला वाढतच गेला. म्हणून ती आता हिच्याकडे आली होती.

भिवराबाईने पळी रांजणात बुडवली. ती वर काढली आणि तिचा हात थांबला.

“बाई, ही काकवी आहे,” ती म्हणाली. “भाकरीबरोबर छान लागते. खोकल्याला उपयोगाची नाही.”

“आणि शेटच्या दुकानातला मध?”

भिवराबाईने पळी रांजणात सोडली. “तीही काकवीच.”

मग ती घरी गेली आणि मुलीसाठी ठेवलेली बरणी तिने कमळीच्या हवाली केली.

आठ दिवसांत पाडस उड्या मारू लागलं. कमळीने ही हकिगत जंगलभर सांगितली. लगेच मंडळाची तातडीची सभा बसली.

रंगनाथशेट चिडले नव्हते, त्यांना वाईट वाटलं होतं. धंद्याचं गुपित गिऱ्हाइकाला सांगणं म्हणजे घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेणं, असं ते म्हणाले. दूध विकणारी गोदा बकरी तर घाबरूनच गेली. आज मधाचं विचारतात, उद्या दुधाचं विचारतील, असं तिचं म्हणणं पडलं. सभा शहारली. भिवराबाईची जागा ओढ्यापलीकडे, काटेरी झुडपांत हलवायचं एकमताने ठरलं.

तिथल्या पहिल्या मंगळवारी कुणीही फिरकलं नाही. भिवराबाईने स्वतःच भाकरीबरोबर काकवी खाल्ली. आपण चुकलो असं कबूल करून माफी मागावी, असंही तिच्या मनात येऊन गेलं. शब्दही जुळवून झाले. पण ते तिला तोंडातून काढवेनात.

पुढच्या मंगळवारी कमळी सगळा कळप घेऊन, पाय भिजवत ओढ्यापलीकडे आली. हरणांनी काकवी काकवी म्हणूनच घेतली. दुपारपर्यंत रांजण रिकामा झाला.

संध्याकाळी इकडेतिकडे बघत गोदा आली. दुधात पाणी असतं हे मी सांगितलं तर लोक मला मारतील का, असं तिने विचारलं.

“ते मला ठाऊक नाही,” भिवराबाई म्हणाली. “पण सांगशील तेव्हा मी तुझ्या शेजारी बसेन.”

आणि ती बसली. गोदाने सांगून टाकलं, अर्धं दूध, अर्धं पाणी. गिऱ्हाइकं कुरकुरली. पण साय वर्ज्य असलेल्या एका म्हाताऱ्या रानडुकराला असंच दूध हवं होतं. तो दर मंगळवारी येऊ लागला. मग आणखी काही जण आले. ते पाहून सशाने आपला पाला परवाचा आहे हे सांगितलं. त्याही वेळी भिवराबाई शेजारी होती. खरं सांगणारा जो तो तिच्याच शेजारी दुकान मांडू लागला आणि असं करता करता अख्खा बाजार ओढ्यापलीकडे सरकला.

वडाखाली रंगनाथशेट आणि त्यांचे रांजण उरले. एका मंगळवारी तेही ओढा ओलांडून आले. त्यांच्या हातात ‘अस्सल काकवी’ अशी नवी पाटी होती. भिवराबाईने सरकून जागा करून दिली. त्यांचा माल सकाळीच संपला.

ही कीर्ती सिंहमहाराजांच्या कानावर गेली. त्यांनी मूल्याधिष्ठित नेतृत्वाचा पुरस्कार जाहीर केला आणि मंडळाकडे नाव मागितलं. मंडळाने अध्यक्षांचं नाव कळवलं.

समारंभ थाटात झाला. सत्य आपल्या रक्तातच आहे, असं शेट भाषणात म्हणाले. स्त्रियांचाही या कार्यात खारीचा वाटा असल्याचं त्यांनी आवर्जून सांगितलं. सभेतली खार उगीचच लाजली.

हा पुरस्कार यांना का, असं भिवराबाईच्या मुलीने रागाने विचारलं.

“आपण जवळच होतो गं,” भिवराबाई म्हणाली. “त्यांना फार लांबून यावं लागलं.” आणि तिने मनापासून टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य : बाळांनो, नेहमी खरं बोलावं. मात्र सगळ्यांत आधी बोलू नये. आधी बोलणाऱ्याला काटेरी झुडपं मिळतात. शाल आणि नारळ शेवटी बोलणाऱ्यासाठी राखून ठेवलेले असतात.