धुळाप्पांचा सार्वजनिक पाय

धुळाप्पांच्या डाव्या पायाचा अंगठा अखेर हलला. पण तो हललाच नाही असं सगळ्या वळसंग गावानं ठरवलंय, तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

जानेवारीत अंगावरून वारं गेलं आणि धुळाप्पांची डावी बाजू रुसली. सोलापूरच्या फिजिओथेरपीवाल्या अंकिताताईंनी व्यायाम दिला. पाय दाबल्यानं बरं वाटेल, पण व्यायाम चुकवू नका, असंही बजावलं. दिवाळीपर्यंत बाप उभा राहिला नाही तर मेंढरं विकायची, हे बिभीषणनं, म्हणजे त्यांच्या पोरानं, सांगून टाकलं होतं.

त्यानंच मोबाईलवर तळपायाचा नकाशा पाहिला. कुठं दाबलं की काय सुधारतं, ते सगळं. विसरायला नको म्हणून मेंढरांवर खुणा करायचा लाल रंग घेतला आणि बापाच्या तळव्यावर मेंदू, गुडघा, कंबर, पित्त आखून मोकळा झाला. मेंढरावरचा हा रंग लोकरीबरोबर कातरला जातो. धुळाप्पांच्या तळव्याला ती सोय नव्हती.

भेटायला आलेल्या शेजारच्या विजयमालाकाकूंनी पाया पडता पडता कंबरेची खूण दाबली. कंबर त्यांची स्वतःची दुखत होती. दुसऱ्या दिवशी त्या सांगत आल्या, "लई हलकं वाटतंय की."

तिथून रांग लागली. ज्याचं जे दुखेल, ते त्यानं धुळाप्पांचं दाबावं. धुळाप्पांनी बायकोला विचारलं, "माज्या व्यायामाचं काय?"

"पावणं तर जाऊंद्या," फुलाबाई म्हणाल्या. पाहुणे काही नऊ महिने गेले नाहीत.

दिवाळीच्या तोंडावर व्यापारी नागप्पा आला. मेंढरं पसंत करून तोही गुडघ्याची खूण दाबत बसला. तेव्हा संतापानं धुळाप्पांचा अंगठा हलला. चांगला दोनदा.

"माजा अंगठा हलला," धुळाप्पा म्हणाले.

"हलणारच," नागप्पा म्हणाला. "माजा गुडगा सुटला की त्यानं."

बिभीषण आत येईतो अंगठा दमून पडला होता, तेव्हा तो हललाच नाही असं ठरलं. टेंपो निघाला. चाळीस मेंढरांच्या पाठीवरच्या लाल खुणा वळणापर्यंत दिसल्या.

मग धुळाप्पांनी उजव्या हातानं ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. सरपंच पित्ताच्या खुणेवर अंगठा रोवून पायाशीच बसले होते. त्यांनी अर्ज न वाचता खिशात घातला.

'उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, अर्जदाराच्या डाव्या पायाच्या रांगेत अर्जदारास, निदान आठवड्यातून एकदा, पहिला नंबर देण्यात यावा.'