दीड इंचाची वाढ

महिन्याभरात आपली छाती कोटात भरून दिसेल, असं मास्तरांनी बायकोला ऐकवलं तेव्हा ती काजं करत होती. तिने सुईवरची नजर काढली नाही. "कोट लहान शिवणार आहात का?" एवढंच विचारलं.

मास्तरांचं कोट शिवायचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच घर. हाताला कसब असं की पोट सुटलेला माणूसही त्यांच्या कोटात रुबाबदार दिसायचा. पण स्वतः इतके किडकिडीत, की त्यांनी अंगात घातलेला कोट अजून खुंटीवरच आहे असं वाटे. त्यात बायकोच्या माहेरची माणसं सगळी आडदांड. धाकटा मेहुणा तर व्यायामशाळाच चालवायचा आणि भाऊजींना चारचौघांत 'सुतळी' म्हणायचा. शेवटी मास्तरांनी त्याच्याच व्यायामशाळेत नाव घातलं. पहिल्या दिवशी वजनं उचलली आणि दुसऱ्या दिवशी कात्री उचलवेना.

"व्यायामाने अंग वाढत नाही, भाऊजी," मेहुणा म्हणाला. "अंग वाढतं झोपेत." त्याने एक भलामोठा डबा पुढे केला. आतली पांढरी पूड झोपण्यापूर्वी पाण्यातून घ्यायची. मग म्हणे ग्रोथ हार्मोन जागं होतं, झोप गाढ लागते आणि दुखरं अंग सकाळपर्यंत दुरुस्त होतं. डब्यावर तसं छापलंच होतं, शेजारी एका उघड्या माणसाचा फोटो. डब्याबरोबर छाती मोजायला एक टेप फुकट.

"म्हणजे मी झोपायचं आणि हार्मोनने जागायचं?" मास्तरांनी खात्री करून घेतली.

"अगदी बरोबर."

हा व्यवहार मास्तरांना पटला. फक्त फुकटच्या टेपवर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी गळ्यातला आपला जुना टेप काढला, ज्याच्यावर आजवर सारा धंदा केला होता, आणि छाती मोजली. साडेतेहतीस. दुपारच्या डुलकीतही अंग वाढायला हवं म्हणून डबा दुकानातच ठेवला, चहाच्या सामानाशेजारी.

दुसऱ्याच दिवशी शहराचा बँड दुकानात आला. बँडला नवे कोट हवे होते. उद्यानातल्या कार्यक्रमात ते शोभून दिसले, तर पुढे पहारेकऱ्यांपासून अग्निशमन दलापर्यंत सगळ्यांच्या गणवेशांचं काम मास्तरांनाच मिळणार होतं. असं काम आयुष्यात एकदाच दार ठोठावतं. मास्तरांनी जुन्या टेपने एकेकाचं माप घेतलं आणि बायकोने सगळ्यांना चहा पाजला.

त्यानंतर बायकोने जुना टेप पडद्यांचं माप घ्यायला वर नेला आणि तो तिथेच राहिला. इकडे मास्तरांना छाती मोजायची घाई. दोन आठवडे नेमाने पूड घेतली होती. फुकटचा टेप गुंडाळला आणि आकडा पाहिला, तर चक्क पस्तीस!

मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दीड इंच! नवा टेप शुभ निघाला म्हणून त्यांनी तोच गळ्यात घातला आणि त्याच आनंदात, त्याच टेपने बँडचं सगळं कापड बेतलं.

ट्रायलच्या दिवशी एकाही कोटाचं बटण लागेना. ढोलवाल्याने श्वास रोखून पाहिला, क्लॅरिनेटवाल्याच्या बगलेत शिवण कुरकुरली, आणि बँडचे कप्तान आरशासमोर दोन्ही हात पसरून बुजगावण्यासारखे उभे राहिले.

"मास्तर," कप्तान म्हणाले, "हे आमच्या पोरांचे कोट आहेत का?"

मास्तरांनी कोटाच्या दोन्ही बाजू ओढून पाहिल्या. हे काम गेलं तर गेलंच, वर बाजारात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. तेवढ्यात त्यांची नजर चहाच्या फळीवर गेली. दूधपावडरीचा डबा आणि त्यांचा डबा खांद्याला खांदा लावून बसले होते. त्यांनी बायकोला आत बोलावलं.

"मापाच्या दिवशी चहात कुठली पूड घातलीस?"

"पांढरी."

"दोन्ही पांढऱ्याच आहेत."

"मग त्यातलीच एक."

मास्तर बाहेर आले ते ताठ मानेने. "कप्तान, कोट बरोबर आहेत. वाढलात तुम्ही." आणि त्यांनी पूड, चहा आणि स्वतःची दीड इंच छाती सगळं सांगून टाकलं.

मग कप्तानांनी हळूच पोट आत घेतलं आणि आरशात बाजूने पाहिलं. "तरीच," ते म्हणाले, "हल्ली जिना चढताना काही वाटत नाही."

"मला त्या रात्री झोप काय लागली होती!" ढोलवाला म्हणाला. मग ज्याला त्याला काही ना काही आठवलं. कोट सैल करा म्हणून सांगत बँड हसतखेळत बाहेर पडला आणि तडक मेहुण्याकडे गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांची नावं व्यायामशाळेत, आणि प्रत्येकासाठी एकेक डबा मागवायचं ठरलं.

बायको कोट उसवायला बसली. नशिबाने मास्तरांनी शिवणीत भरपूर माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवली होती. तिने वरून जुना टेप आणला होता.

"अहो, कप्तानांची छाती किती लिहिलीत?"

"चाळीस. तेवढीच बेतलीय."

"मग कोटात साडेअडतीस कशी?"

मास्तरांनी नव्या टेपने मोजली. बरोबर चाळीस. बायकोने दोन्ही टेप टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, टोकाला टोक जुळवून. दुसऱ्या टोकाला जुना टेप नव्याच्या पुष्कळ पुढे गेला होता. वर्षानुवर्षं ओढून ओढून तो ताणला गेला होता आणि आकडा कमी दाखवत होता. माप त्यानेच घ्यायचं आणि कापडही त्यानेच बेतायचं, म्हणून इतके दिवस चुकीला चूक सांभाळून घेत होती.

"म्हणजे ते वाढले नाहीत," मास्तर म्हणाले.

"कोणीच नाही," बायको म्हणाली. मग हलकेच पुढे, "पण सांगताय कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मास्तरांना ते जमेना. आपल्या चुकीपायी अख्खा बँड डबे घेणार, ही बोच लागून राहिली होती. त्यांना फार लाज वाटत होती. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी कप्तान बँडसह कोट न्यायला आले आणि सगळ्यांनी ते तिथेच चढवले, तेव्हा मास्तरांनी त्यांना बाजूला घेतलं.

"कप्तान, तुम्ही वाढला नाहीत. माझा टेप वाढलाय."

सगळं ऐकून कप्तानांनी दारातून पाहिलं. बाहेर फूटपाथवर बँडवाले नवे कोट घालून उभे होते. कोट आता अंगाला नीट बसले होते आणि प्रत्येकाने छाती पुढे काढली होती.

"हे यांना सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग आजचा कार्यक्रम होऊ द्या. ताठ उभे राहा म्हणून मी किती वर्षं ओरडतोय. आज कुठे उभे राहिलेत. उद्या मीच सांगतो आणि डब्यांचंही रद्द करतो." दारातून ते वळले. "पहारेकरी सोमवारी मापाला येतील. एकच टेप वापरा म्हणजे झालं."

कप्तान गेले आणि मास्तर मटकन खुर्चीत बसले. जीव भांड्यात पडला. तरी एक आशा अजून शिल्लक होती. बाकीच्यांनी कपभर चहा घेतला होता, पण आपण पूड नेमाने घेतली, वजनंही उचलली. ते उठले, जुना टेप बायकोच्या हातात दिला आणि दोन्ही हात वर केले.

तिने टेप गुंडाळला. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"किती?" मास्तरांनी डोळे मिटून विचारलं.

"तेहतीस."

"आधी साडेतेहतीस होती."

"हो ना," बायको म्हणाली. "मेला अजून लांबतोच आहे हा टेप."