अबोलीच पाहिजे

आदिलने नगरहून नवा मॉनिटर आणला, त्याच दिवशी विजयमालाबाई त्याच्या शेवगावच्या फ्लेक्सच्या दुकानात आल्या. उद्या त्यांच्या साडी सेंटरचं उद्घाटन होतं. त्यांनी मोबाईलमधला साडीचा फोटो पुढे केला. बोर्ड अगदी याच अबोली रंगाचा हवा होता.

"सुरतवाल्यानं फोटो अबोली दावला आन् चाळीस साड्या गुलाबी धाडल्या. सकाळीच पार्सल माघारी लावलं. तुमी तरी फसवू नका."

आदिलला हुरूप चढला. त्याने तोच फोटो मागवून मॉनिटरवर उघडला, तर गुलाबी! छापला, तरी गुलाबीच. बाईंनी नकारार्थी मान हलवली. मग त्याने मॉनिटरची बटणं दाबदाबून पडद्यावर अबोली आणली, पण छापून आलं पुन्हा गुलाबीच. फाईल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून रंग ओतला, तेव्हा विटकरी फ्लेक्स बाहेर आला. जुन्या मॉनिटरवर तीच फाईल गाजरासारखी दिसत होती. दुपारचे तीन वाजले, कोपऱ्यात फ्लेक्सचा ढीग लागला, आणि आदिलला नवा मॉनिटर उकिरड्यावर टाकावासा वाटू लागला.

त्याची बायको हसीना डबा घेऊन आली. तिने बाईंचा मोबाईल हातात घेतला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"ताई, तुमचा पडदाच पिवळा हाय की."

"डोळं दुखत हुतं, म्हनून भाचीनं कायतरी करून दिलंय. लई आराम पडला."

हसीनाने सेटिंगमध्ये जाऊन पडद्याचा तो पिवळा उजेड बंद केला. फोटोतली साडी क्षणात गुलाबी झाली.

बाई मटकन स्टुलावर बसल्या. सुरतवाल्याला फोनवर काय काय ऐकवलं होतं, ते सगळं त्यांना आठवलं असावं. मग एकदम उठल्या.

"आदिलभाऊ, ट्रान्सपोर्टची गाडी चारला सुटती. गाडी काढा!"

आदिलने मोटारसायकल अशी पिटाळली की बाईंनी डोळे उघडलेच नाहीत. टेम्पोत माल चढत होता. कांद्याच्या गोण्यांखाली दबलेलं पार्सल दोघांनी ओढून काढलं, तेव्हा आदिलला स्वतःचाच माल सुटल्यासारखा आनंद झाला.

संध्याकाळी त्याने ढिगाच्या तळातून पहिला, गुलाबी फ्लेक्स काढला आणि बाईंच्या दुकानावर चढवला.

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला बायकांची झुंबड उडाली. बोर्ड आणि साड्या एका रंगाच्या बघून सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं. बाईंनी आदिलकडे न बघता पदर सारखा केला.

"मग! रंगाच्या बाबतीत मी कुनाचं ऐकत न्हाई."